रेशीम अळीचा ऊर्जा-हिशेब : पानापासून धाग्यापर्यंत

तुतीचा पाला उत्तम आहे, अळ्यांनी चारही काती वेळेवर टाकल्या आहेत, रोगाचे ठळक लक्षण कोठेही नाही. तरीही कोष पातळ निघतात किंवा रिलिंगच्या वेळी धागा वारंवार तुटतो. उन्हाळी व पावसाळी बॅचमध्ये हा अनुभव नवा नाही. कारणांचा शोध बहुधा पाला, अंडीपुंज आणि निर्जंतुकीकरण यांपाशी थांबतो. ही तिन्ही कारणे महत्त्वाची आहेतच. परंतु त्यांच्या मुळाशी एक समान प्रश्न असतो : अळीने पाल्यातून मिळवलेली ऊर्जा नेमकी कोठे खर्च झाली? या प्रश्नाचे उत्तर पेशीच्या आतील भौतिकशास्त्रात दडलेले आहे, आणि ते समजल्यास संगोपनगृहातील अनेक शिफारशींमागील तर्क उलगडतो.

म्हैसूरचे तंत्र, महाराष्ट्राचे हवामान

केंद्रीय रेशीम मंडळाची केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६१ पासून म्हैसूर येथे कार्यरत आहे. त्याही आधी, १९१२ मध्ये, म्हैसूर संस्थानाने याच शहरात रेशीम विणकामाचा कारखाना सुरू केला होता. महाराष्ट्रातील रेशीम उत्पादकांच्या रोजच्या वापरातील अनेक गोष्टींचा उगम म्हैसूरच्या या संस्थेत आहे. तुतीची व्ही-१ ही जात, सीएसआर मालिकेतील दुबार संकर आणि संगोपन बेडवर धुरळली जाणारी ‘विजेता’ भुकटी ही त्याची परिचित उदाहरणे होत. दुबार जातींच्या विकासासाठी १९९१ पासून जपानच्या सहकार्याने राबवलेल्या प्रकल्पाचाही यात मोठा वाटा आहे.

म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तेथील हवामान बरेचसे सौम्य आहे. मराठवाड्यात मात्र एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. दुबार संकर अधिक व दर्जेदार रेशीम देतात, पण तापमान व आर्द्रतेतील चढउतार त्यांना कमी सोसतात. म्हणून जात तीच असली, तरी यश संगोपनगृहातील वातावरणावर ठरते. हे असे का, हे पाहण्यासाठी पेशीपासून सुरुवात करावी लागते.

जिवंत पेशी : सतत ढवळला जाणारा रस्सा

पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, ही समजूत अपुरी आहे. पेशीत प्रथिने, न्यूक्लिइक आम्ले व अन्य मोठे रेणू इतक्या दाटीने भरलेले असतात की, तिला नुसते सोडून दिले तर आतील द्रव घट्ट होऊन त्यातील हालचाल जवळजवळ थांबेल. ती थांबू न देण्याचे काम ऊर्जा करते. पाल्यातील शर्करेचे श्वसनात ज्वलन होऊन अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, संक्षेपाने एटीपी, हा रेणू तयार होतो. पेशीतील पंप, प्रथिने बांधणारी यंत्रणा आणि स्नायू हे सर्व या एका ‘चलना’वर चालतात.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये जिवाणूंवर केलेल्या प्रयोगातून एक महत्त्वाची बाब पुढे आली. चयापचय सुरू असताना पेशीतील मोठे कण मोकळेपणे फिरत होते. चयापचय बंद पाडताच पेशीरस काचेसारखा वागू लागला, म्हणजे रचना विस्कळीतच राहिली पण हालचाल गोठली. २०१६ मध्ये यीस्टवरील अभ्यासातही ऊर्जा तुटल्यावर पेशीरस घट्ट होत असल्याचे आढळले. पुढे २०१७ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी दाखवले की, एटीपी हा केवळ इंधन नसून प्रथिनांना विरघळलेल्या अवस्थेत ठेवण्यासही मदत करतो. रासायनिक क्रियांना लागते त्यापेक्षा पेशीत एटीपी कितीतरी अधिक का असते, याचे एक स्पष्टीकरण यातून मिळते.

शेतकऱ्यांना या तत्त्वाची दुसरी बाजू परिचित आहे. नीट वाळवलेले बियाणे टिकते, कारण पाणी कमी झाल्यावर त्याच्या पेशींतील रस काचसदृश होतो आणि ऱ्हासाच्या क्रिया अतिशय मंदावतात. त्याच बियाण्याला दमट हवा लागली की हालचाल सुरू होते, श्वसन वाढते आणि उगवणक्षमता घटते. थोडक्यात, पेशी द्रव राहते की गोठते, हे पाणी, तापमान आणि ऊर्जा या तिन्हींवर अवलंबून असते.

अंडीपुंज : काटकसरीने चाललेले जीवन

दुबार जातीचे अंडे निद्रावस्थेत जाते, तेव्हा ते आपला ऊर्जाखर्च अत्यल्प करते. या काळात अंड्यातील ग्लायकोजेनचे रूपांतर सॉर्बिटॉल व ग्लिसरॉल या पदार्थांत होते. ते थंडीत पेशींचे रक्षण करतात. अंडी सुमारे ५ अंश सेल्सिअस तापमानात पुरेसा काळ ठेवली की निद्रा संपते आणि या पदार्थांपासून पुन्हा ग्लायकोजेन बनते. वाढणाऱ्या गर्भाला ते इंधन म्हणून उपयोगी पडते. बीजकोष केंद्रांतील शीतगृह व आम्लप्रक्रिया यांच्यामागे हेच जीवशास्त्र आहे.

शेतकऱ्याच्या हाती अंडीपुंज येतात तेव्हा ही निद्रा संपलेली असते. गर्भ वेगाने वाढत असतो, श्वसन करतो आणि त्याच्याजवळ इंधनाचा साठा मर्यादित असतो. बंद प्लॅस्टिक पिशवी, वाहनाच्या बॉनेटजवळची उष्ण जागा किंवा दुपारचे ऊन यांमुळे प्राणवायू कमी पडतो व श्वसनाचा वेग वाढतो. परिणामी उबवण एकसारखी होत नाही. म्हणून अंडीपुंजांची वाहतूक पहाटे किंवा सायंकाळी, हवा खेळती राहील अशा खोक्यातून करावी, ही शिफारस केवळ औपचारिक नाही.

आतडे : भिंतीवर चालणारे पंप

अंड्यातून निघालेल्या अळीचे वजन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असते. पाचव्या अवस्थेच्या अखेरीस ते ४ ते ५ ग्रॅमपर्यंत पोहोचते. म्हणजे सुमारे पंचवीस दिवसांत जवळपास दहा हजार पट वाढ होते. एवढ्या वेगाने पान पचवण्यासाठी अळीचे मध्य आतडे तीव्र अल्कधर्मी असते. तेथील सामू १०च्या आसपास राहतो. असा सामू आपोआप टिकत नाही. आतड्याच्या भिंतीतील पेशी एटीपी खर्च करून हायड्रोजन आयन सतत ढकलत राहतात आणि त्या जोरावर पोटॅशियम आयन आतड्याच्या पोकळीत सोडले जातात. विहिरीतील पाणी टाकीत चढवून ठेवावे आणि त्या दाबावर शिवारात पाणी फिरवावे, तसा हा प्रकार आहे. टाकी भरलेली ठेवण्यासाठी मोटर सतत चालवावी लागते.

ही व्यवस्था अळीचे बलस्थान आहे आणि मर्मस्थानही. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांनी १९०१ मध्ये आजारी रेशीम अळ्यांमध्येच प्रथम शोधला. त्याचे स्फटिकरूप विष अल्कधर्मी आतड्यात विरघळते आणि पेशींच्या भिंतींना छिद्रे पाडते. त्यामुळे ऊर्जा खर्चून उभा केलेला आयनांचा फरक कोसळतो. अळी खाणे थांबवते व मरते. क्लोरँट्रानिलीप्रोलसारखी कीटकनाशके वेगळ्या मार्गाने पण त्याच सूत्रावर आघात करतात. स्नायूंच्या पेशी पंपाच्या साहाय्याने कॅल्शियम कोठारात साठवून ठेवतात. हे औषध त्या कोठाराची दारे उघडी करते आणि अळीला लकवा येतो.

शेजारच्या सोयाबीन, तूर, हरभरा किंवा भाजीपाल्यावर यांपैकी काहीही फवारले गेले आणि वाऱ्याबरोबर तुतीवर आले, तर पाला वरून ताजा दिसत असूनही संपूर्ण बॅच हातची जाऊ शकते. जैविक कीटकनाशक म्हणून जिवाणूजन्य औषध सुरक्षित मानले जाते; रेशीम अळीच्या बाबतीत ही समजूत घातक आहे. तुती लागवडीची जागा निवडताना आणि शेजाऱ्यांशी फवारणीच्या वेळापत्रकाविषयी बोलताना विस्तार कार्यकर्त्यांनी हा मुद्दा आवर्जून मांडावा.

रेशीमग्रंथी : मोजक्या पेशींचा कारखाना

रेशमाच्या धाग्यात फायब्रॉइन हा गाभा असतो आणि त्यावर सेरिसिन या डिंकासारख्या प्रथिनाचे आवरण असते. फायब्रॉइनचे प्रमाण साधारणतः ७० ते ७५ टक्के असते. फायब्रॉइन ग्रंथीच्या मागील भागात तयार होते, तर सेरिसिन मधल्या भागात. मागील भागात प्रत्येक ग्रंथीमध्ये केवळ ५००च्या आसपास पेशी असतात. ही संख्या अळी अंड्यात असतानाच निश्चित होते. पुढे पेशी वाढतात, पण त्यांची संख्या वाढत नाही. पेशी विभागण्याऐवजी आतील डीएनएच्या प्रती काही लाख पटींनी वाढवते आणि प्रचंड आकार धारण करते. पाचव्या अवस्थेच्या शेवटी रेशीमग्रंथी अळीच्या वजनाच्या एक चतुर्थांश ते ४० टक्क्यांपर्यंत पोहोचतात.

या कारखान्याचा इंधनखर्च मोठा आहे. फायब्रॉइनच्या मुख्य रेणूत ५,२६३ अमिनो आम्ले एका ओळीत जोडलेली असतात. प्रत्येक जोडणीसाठी पेशीला किमान ४ उच्च ऊर्जा बंध खर्च करावे लागतात. म्हणजे एका रेणूसाठी २१ हजारांहून अधिक ऊर्जा एकके खर्च होतात, आणि एका कोषात असे अगणित रेणू असतात. संपूर्ण संगोपनकाळातील पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला पाचव्या अवस्थेत लागतो, त्यामागे हेही एक कारण आहे. या दिवसांत पाल्याची एखादी पाळी चुकली किंवा सुकलेला पाला पडला, तर अळी जगते. पण रेशीम कमी बनते.

चॉकी अवस्थेकडे दुर्लक्ष झाले तर नंतर भरपूर पाला घालून नुकसान का भरून निघत नाही, याचेही उत्तर येथे मिळते. पेशींची संख्या ठरलेली असल्यामुळे त्यांची आरंभीची वाढ खुंटली, तर नव्या पेशी मदतीला येत नाहीत.

द्रवापासून धागा : ओढण्याची किमया

रेशीम ग्रंथीत द्रवरूपात साठलेले असते. त्यात प्रथिनाचे प्रमाण २५ ते ३० टक्क्यांपर्यंत असते. प्रयोगशाळेत कोषापासून काढलेले फायब्रॉइन याहून पातळ द्रावणातही काही दिवसांत गोठून जाते. अळी मात्र हा दाट द्रव वाहता ठेवते. त्यासाठी ग्रंथीच्या लांबीनुसार सामू व आयनांचे प्रमाण काटेकोर राखले जाते. मागील भागात सामू ८च्या आसपास असतो आणि पुढे तोंडाकडे येताना तो ६च्या जवळ घसरतो. हा उतार निर्माण करण्यात कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर महत्त्वाचे कार्य करते, आणि पुढच्या भागातील पेशींत एटीपीवर चालणारे हायड्रोजन पंपही आढळतात.

सामू घसरल्याने प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना धरण्यास सज्ज होतात. शेवटचे काम ओढीने होते. अळी धाग्याचे टोक चंद्रिकेला चिकटवते आणि डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत धागा खेचून काढते. अरुंद नळीतून ओढले जाताना रेणू एका दिशेला रांगेत येतात, त्यांच्यातील पाणी बाहेर पडते आणि घट्ट स्फटिकसदृश रचना बनते. नायलॉनचा धागा काढण्यासाठी पदार्थ २०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून वितळवावा लागतो. अळी हेच काम खोलीच्या तापमानाला, पाण्यात, स्नायूंच्या अल्प बळावर करते. ऊर्जेचा मोठा भाग तिने आधीच प्रथिन बांधण्यात व सामूचा उतार उभा करण्यात गुंतवलेला असतो.

ओढीच्या वेगाचा धाग्यावर थेट परिणाम होतो. शाओ आणि फ्रिट्झ व्होलरात या संशोधकांनी २००२ मध्ये रेशीम अळीकडून ठरावीक वेगाने धागा ओढून घेतला. वेग वाढवल्यास धागा अधिक मजबूत पण ठिसूळ झाला. वेग कमी केल्यास तो दुर्बल पण अधिक ताणला जाणारा झाला. म्हणजे तेच प्रथिन, पण ते ओढण्याची रीत बदलताच पदार्थाचे गुणधर्म बदलले. चांगल्या दुबार कोषातील धागा हजार मीटरहून लांब असतो आणि तो दोन ते तीन दिवसांत विणला जातो. १,२०० मीटर धागा ६० तासांत पूर्ण झाला, तर सरासरी वेग सेकंदाला साडेपाच मिलिमीटर येतो. हा वेग एकसारखा राहण्यासाठी अळीला शांतता, योग्य ऊब आणि खेळती हवा लागते. वारंवार हलवलेल्या चंद्रिका किंवा झोताचा वारा यांमुळे अळी थांबत-थांबत विणते आणि धाग्यात कमकुवत जागा राहतात.

उष्णता वाढली की हिशेब बिघडतो

रेशीम अळी शीतरक्ताची आहे. तिच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेप्रमाणे बदलते. अशा जीवांमध्ये १० अंश तापमानवाढीने श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुपटीच्या घरात जातो. त्यामुळे उष्ण शेडमध्ये अळी लवकर वाढल्यासारखी दिसते, पण खाण्याचे दिवस घटतात आणि खाल्लेल्या अन्नातील मोठा हिस्सा केवळ जिवंत राहण्यात संपतो. तापमान आणखी वाढले की प्रथिनांची घडी बिघडू लागते. ती सावरण्यासाठी पेशी उष्णता-संरक्षक प्रथिने तयार करते. त्यांच्या कामालाही एटीपी लागते. रेशमासाठी राखून ठेवलेली ऊर्जा अशी डागडुजीत खर्च होते. रोगप्रतिकारही त्याच भांडवलावर चालत असल्याने उन्हाळ्यात फ्लॅचरी व ग्रासरीचा जोर वाढतो.

शेडमधील उष्णता केवळ बाहेरून येत नाही. १०० अंडीपुंजांपासून ४० ते ५० हजार अळ्या मिळतात. पाचव्या अवस्थेच्या अखेरीस त्यांचे एकत्रित वजन दीडशे ते दोनशे किलोंच्या घरात जाते. श्वसन करणारे एवढे सजीव वस्तुमान उष्णता, वाफ व कार्बन डायऑक्साइड सोडत असते. त्यात आंबणारा उरलेला पाला व विष्ठा यांची भर पडते. म्हणून थर्मामीटर भिंतीवर टांगण्यापेक्षा रॅकजवळ, अळ्यांच्या पातळीवर ठेवणे अधिक उपयुक्त ठरते.

विणकामाच्या वेळी पाण्याचा प्रश्न मोठा होतो. पिकलेली अळी कोष करताना मूत्ररूपाने व धाग्यातून पाणी बाहेर टाकते. अळीमागे केवळ १ ग्रॅम पाणी धरले, तरी ४० हजार अळ्यांमागे ४० लिटर पाणी दोन-तीन दिवसांत हवेत जाते. ते बाहेर निघाले नाही तर सेरिसिन ओले राहते, धाग्याचे थर एकमेकांना घट्ट चिकटतात आणि रिलिंगमध्ये धागा तुटतो. पावसाळी बॅचमधील अनेक कोष दिसायला चांगले असूनही बाजारात कमी भाव घेतात, त्यामागील एक प्रमुख कारण हे आहे.

संगोपनगृहातील उपयोजन

वरील विवेचनाच्या आधारे पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

१. चॉकी अवस्थेत २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमान व ८० ते ९० टक्के आर्द्रता ठेवावी; कोवळा, रसदार पाला द्यावा. रेशीमग्रंथीचा पाया याच काळात घातला जातो.

२. चौथ्या व पाचव्या अवस्थेत तापमान २४ ते २६ अंशांच्या दरम्यान आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असावी. अळ्यांची गर्दी टाळावी; अधिक जागा म्हणजे बेडमध्ये कमी उष्णता.

३. उन्हाळ्यात छतावर पांढरा रंग किंवा पाचटाचे आच्छादन, भिंतींना सावली, ओली पोती व फॉगर यांचा वापर करावा. ओलावा वाढवताना हवा बाहेर जाण्याचा मार्ग खुला ठेवावा, अन्यथा तापमान उतरते पण आर्द्रता अपायकारक होते.

४. पाला सकाळी लवकर किंवा सायंकाळी तोडावा आणि ओल्या कापडाखाली साठवावा. तोडलेले पानही जिवंत असते. ढिगात ते श्वसन करून तापते आणि अळीच्या वाट्याची शर्करा स्वतःच जाळते.

५. कात टाकण्याच्या काळात पाला देऊ नये व बेड कोरडा ठेवावा. या काळात अळी खात नाही. साठवलेल्या ऊर्जेवर नवी त्वचा बनवते. तिला हलवू नये.

६. कोष विणताना तापमान २४ ते २५ अंश आणि आर्द्रता ६० ते ६५ टक्के राखावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मात्र वाऱ्याचा थेट झोत टाळावा. चंद्रिकेखाली मूत्र शोषण्यासाठी कागद अंथरून तो वेळेवर काढावा.

७. कोषाची काढणी आतील अळीचा पक्का कोशित झाल्यावर, दुबार जातीत साधारणतः सहाव्या-सातव्या दिवशी करावी. घाई केल्यास कोवळा कोशित फुटून कोष डागाळतो.

कोष काढल्यानंतरही हिशेब थांबत नाही

ताज्या कोषात जिवंत कोशित असतो. तो खात नाही, पण श्वसन करतो. साठवलेली चरबी जाळतो व पाणी गमावतो. त्यामुळे विक्रीस उशीर झाला की कोषाचे वजन दररोज घटते, आणि फार विलंब झाल्यास पतंग कोष फोडून बाहेर पडतो व सलग धागा संपतो. कोष पोत्यांत दाबून भरले तर या श्वसनाची उष्णता व वाफ आतच कोंडते आणि कवच मऊ पडते. म्हणून कोष सच्छिद्र पिशव्यांत सैल भरून, रात्रीच्या थंड वेळी बाजारात नेणे हितावह ठरते.

पानातील सूर्यप्रकाशाची ऊर्जा अळीच्या आतड्यात, पेशीत आणि ग्रंथीत टप्प्याटप्प्याने खर्च होते व अखेर धाग्याच्या रूपात स्थिरावते. म्हैसूरच्या प्रयोगशाळांनी अधिक रेशीम देणाऱ्या जाती विकसित केल्या. त्या जातींनी मिळवलेली ऊर्जा उष्णता, दमटपणा व डागडुजी यांत वाया जाऊ न देणे हे संगोपनगृहातील व्यवस्थापनाचे काम आहे. तापमानाची व आर्द्रतेची नोंदवही दररोज भरली, आणि ती प्रत्येक बॅचच्या कोष उत्पादनाशी व मिळालेल्या भावाशी ताडून पाहिली, तर हा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःच्या शेडमध्ये वाचता येईल.